सांध्याच्या नोंदी : तीन छोट्या सवयी, ८४ दिवस

३० डिसेंबर २०२४, सोमवार (तयारी)

तीन जण, तीन तक्ते, प्रत्येकाची एकच सवय. नोंदीत नावं येणार नाहीत, फक्त तक्त्याचा क्रमांक.

तक्ता १ : सकाळी ३ मिनिटं श्वासावर लक्ष ठेवून बसणं.
तक्ता २ : रात्री फोन झोपायच्या खोलीबाहेर.
तक्ता ३ : काम संपल्यावर १० मिनिटं चालणं.

प्रत्येकाने तिन्ही सवयी घ्याव्यात अशी सूचना आली होती, ती बाजूला ठेवली. एक ना धड भाराभर चिंध्या होतात हा अनुभव सगळ्यांचाच, पण त्यामागचं कारणही माहीत आहे. अ‍ॅमी डाल्टन आणि स्टीफन स्पिलर यांनी २०१२ मध्ये दाखवलं की एका उद्दिष्टासाठी ‘कधी, कुठे, कसं’ लिहून काढलं की फायदा होतो. अनेक उद्दिष्टांसाठी एकदम लिहिलं की फायदा विरून जातो. एवढं सगळं एकत्र कागदावर दिसलं की ते जमणं अवघड वाटायला लागतं आणि मन सुरुवातीलाच मागे सरतं.

संकल्प आणि उद्दिष्ट यांची गल्लत नको म्हणून आजच फरक ठरवून घेतला. ‘वजन कमी करायचं’ हे उद्दिष्ट, ते गाठलं जातं किंवा हुकतं. ‘दिवसभराच्या बसकामानंतर शरीराला मोकळं करायचं’ हा संकल्प. तो दिशा सांगतो, आज किती अंतर कापलं ते विचारत नाही. प्रत्येक तक्त्याच्या माथ्यावर असा एकच संकल्प, एका ओळीत.

या ओळीवर २० मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवायचा नाही. थॉमस वेब आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये ४७ प्रयोगांचे निकाल एकत्र केले. त्यात लोकांचा इरादा चांगलाच बदलला होता (परिणाम किती मोठा हे सांगणाऱ्या संख्याशास्त्रीय मापावर ०.६६), पण प्रत्यक्ष वागणं त्याच्या साधारण निम्म्याने (०.३६). इरादा आणखी पक्का करत बसण्यापेक्षा तो रोजच्या दिवसात नेमका कुठे जोडायचा हे शोधणं जास्त लाभाचं. त्या जागेला या नोंदींमध्ये ‘सांधा’ म्हटलं आहे. नमनाला घडाभर तेल नको, सांध्याला मात्र पूर्ण तीन दिवस.

साहित्य : ए-४ कागद ३, त्यावर १२ ओळी आणि ७ रकाने (८४ चौकोन), पेन्सिल, चिकटपट्टी. मोबाइलमधलं अ‍ॅप घेतलं नाही. नोंद करायला फोन उघडला की नोंद सोडून बाकी सगळं होतं, आणि तक्ता २ चा तर विषयच फोन आहे.

२ जानेवारी २०२५, गुरुवार (निरीक्षण)

१ तारखेला मुद्दाम सुरुवात केली नाही. नव्या वर्षाच्या, नव्या आठवड्याच्या आरंभी माणसाला नवं काही करावंसं वाटतं हे हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ मध्ये आकड्यांनिशी मांडलं. ती उभारी खरी असते, पण तिचा उपयोग सवय सुरू करण्यापेक्षा तयारी करण्यासाठी जास्त चांगला. तयारीविना सुरू केलेलं काम आरंभशूरांच्या यादीत जातं.

या तीन दिवसांत काहीही बदलायचं नाही, फक्त टिपायचं : कोणती कृती रोज होतेच, ती कुठे होते, आणि तिची शेवटची हालचाल कोणती. शेवटची हालचाल महत्त्वाची. ‘दात घासणं’ ही चार-पाच मिनिटांची पसरट गोष्ट आहे. ‘ब्रश परत ठेवला’ हा एक क्षण आहे, त्याला धार आहे, तो घडला की नाही याबद्दल शंका उरत नाही.

सांधा म्हणून चालेल अशा जागेच्या कसोट्या :

– रोज घडते, सुट्टीच्या दिवशीही.
– संपल्याचं स्पष्ट कळतं.
– संपते तेव्हा हात मोकळे असतात आणि मागे दुसरं काम लागलेलं नसतं.
– नव्या सवयीची जागा तिथून दहा-वीस पावलांच्या आत आहे.

घड्याळाची वेळ सांधा म्हणून तिन्ही तक्त्यांत नाकारली. ‘सकाळी ७ वाजता’ लिहिलं की दिवसभर घड्याळावर नजर ठेवायचं काम वाढतं, आणि ७ वाजून ५ मिनिटांनी ‘आज हुकलं’ असा हिशोब मांडला जातो. गजर लावला तर तो वाजतो, पण नेमका हातात दुसरं काम असताना. कृतीच्या पाठीमागून येणारी सवय मात्र तिच्या ओघात येते. क्रमाचाही फरक पडतो : गॅबी जुडा, बेंजामिन गार्डनर आणि रॉबर्ट ऑंगर यांच्या २०१३ च्या अभ्यासात काहींनी दातांच्या फटी साफ करायचा दोरा (फ्लॉस) ब्रश करण्याआधी वापरला, काहींनी नंतर. नंतर वापरणाऱ्यांमध्ये सवय अधिक पक्की रुजली. ‘आधी’साठी आठवण ठेवावी लागते. ‘नंतर’साठी ती आधीची कृतीच आठवण करून देते.

४ जानेवारी, शनिवार (वाक्यं)

पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेली ‘जर–तर’ रचना वापरली : जर अमुक क्षण आला, तर मी तमुक करेन. गोलविट्झर आणि शीरन यांनी २००६ मध्ये अशा ९४ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा त्याच मापावर परिणाम ०.६५ निघाला. एका वाक्याच्या मानाने हा भरपूरच.

पहिले मसुदे आणि त्यांतल्या खोडी :

तक्ता १, मसुदा : ‘सकाळी उठल्यावर ध्यान करेन.’ उठणं म्हणजे कोणता क्षण? डोळे उघडणं, पाय खाली ठेवणं की खोलीबाहेर येणं? दुरुस्त : ‘ब्रश जागेवर ठेवला की मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसून टायमर ३ मिनिटांवर लावेन.’

तक्ता २, मसुदा : ‘रात्री अंथरुणात फोन बघणार नाही.’ नकाराचं वाक्य, म्हणून बाद. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हटल्यावर अस्वलच मनात येत राहतं, हा डॅनियल वेग्नर यांचा १९८७ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. मारिके अ‍ॅड्रियान्स आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये नकारी जर–तर वाक्यं तपासली, तीही उलटतात असं दिसलं : जे टाळायचं त्याचीच आठवण पक्की होते. दुरुस्त : ‘झोपण्यापूर्वी फोन बाहेरच्या खोलीत चार्जरला लावेन.’ (याही वाक्यात खोट राहिली होती, ९ तारखेची नोंद पाहा.)

तक्ता ३ : ‘लॅपटॉपचं झाकण बंद केलं की बूट घालेन आणि १० मिनिटं चालून येईन.’

प्रत्येक सवयीला दोन मापं ठरवली. पूर्ण माप म्हणजे चांगल्या दिवसाचं, तळमाप म्हणजे सर्वांत वाईट दिवसाचं. ताप नाही पण अंग मोडून आलंय, घरात पाहुणे आहेत, डोकं फिरलंय, अशा दिवशीही जमेल ते तळमाप.

तक्ता १ : ३ मिनिटं / खुर्चीत बसून ३ श्वास.
तक्ता २ : रात्रभर फोन बाहेर / फोन बाहेर लावून खोलीत येणं, पुढचं पुढे.
तक्ता ३ : १० मिनिटं / बूट घालून दाराबाहेर जाऊन परत.

तळमाप ठरवताना एकच चूक सगळे करतात : ते हवं त्यापेक्षा मोठं ठेवतात, कारण ३ श्वास लिहायला लाज वाटते. तळमाप ऐकून हसू आलं नाही, तर ते अजून मोठं आहे असं समजावं.

तक्ता भरण्याची रीत : पूर्ण मापाला भरलेला गोल, तळमापाला रिकामा गोल, खाडा झाला तर चौकोन मोकळा. लाल फुली नाही. मोकळा चौकोन पुरेसं सांगतो. मोजताना भरलेला आणि रिकामा गोल दोन्ही एकच धरायचे.

शेवटी तालीम. वाक्य तीनदा मोठ्याने वाचलं आणि सांधा व सवय यांची जोडी पाच वेळा लागोपाठ करून पाहिली : ब्रश ठेवा, चालत जा, बसा, उठा, पुन्हा ब्रश. हे पोरकट दिसतं, पण यातच कळलं की तक्ता १ च्या खुर्चीवर कायम कपड्यांचा ढीग असतो. खुर्ची मोकळी ठेवायचं काम आदल्या रात्रीवर गेलं.

६ जानेवारी, सोमवार (दिवस १)

तिन्ही सुरू. कागद सांध्याच्या जागी चिकटवले, सवयीच्या जागी नाही. तक्ता १ चा आरशाशेजारी, तक्ता २ चा बाहेरच्या खोलीतल्या चार्जरच्या वर, तक्ता ३ चा लॅपटॉपच्या टेबलासमोर.

९ जानेवारी, गुरुवार (दिवस ४)

तक्ता २ : चारपैकी एकच गोल. माशी दोन ठिकाणी शिंकली.

पहिलं, ‘झोपण्यापूर्वी’ याला कड नाही. झोपायचं ठरवणं, दिवे घालवणं, अंथरुणावर पडणं यात कधी अर्धा तास जातो, आणि तो अर्धा तास फोन हातातच असतो. सांधा बदलला : ‘बाहेरच्या खोलीचा दिवा बंद करायला हात बटणावर गेला की आधी फोन चार्जरला.’ चार्जर बटणाच्या शेजारच्या सॉकेटवर आणला. झोपायच्या खोलीतला दुसरा चार्जर काढून कपाटात टाकला.

दुसरं, फोनच गजर होता. जुनी गोष्ट काढून घेताना ती काय काय कामं करत होती याची यादी आधी करायला हवी होती. गजर, रात्री वेळ बघणं, अंधारात उजेड, घरच्यांचा तातडीचा कॉल : चार कामं निघाली. गजराचं साधं घड्याळ आणलं, त्यातून वेळेचंही भागलं. उजेडासाठी छोटी बॅटरी. तातडीच्या कॉलसाठी निवडक नंबरांची रिंग चालू, आवाज मोठा, दार उघडं.

१२ जानेवारी, रविवार (दिवस ७)

आजपासून दर रविवारी मोजणी. किती दिवस केलं हे तक्ता सांगतो, पण सवय अंगवळणी पडली का हे त्यातून कळत नाही. मारून मुटकूनही सात गोल भरता येतात. त्यासाठी गार्डनर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तपासलेला चार प्रश्नांचा छोटा मापक वापरतो आहोत. ही गोष्ट –

१. मी आपोआप करतो/करते.
२. मुद्दाम आठवावं न लागता करतो/करते.
३. विचार न करता करतो/करते.
४. करायला लागल्याचं लक्षात येण्याआधीच सुरू केलेली असते.

प्रत्येकाला १ (अजिबात नाही) ते ७ (पूर्णपणे). बेरीज ४ ते २८.

आजची बेरीज : तक्ता १ – ७, तक्ता २ – ४, तक्ता ३ – ६. तळाशीच आहेत, तसंच अपेक्षित होतं.

१४ जानेवारी, मंगळवार (दिवस ९)

तक्ता १ बद्दल तक्रार : ‘बसतो, पण मन लागत नाही.’ बसण्याची कृतीच नीट लिहून दिली नव्हती, म्हणून आज लिहिली.

खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसायचं, तळपाय जमिनीला पूर्ण टेकलेले, हात मांडीवर. डोळे मिटलेले किंवा समोर जमिनीवर सैल टेकवलेले. श्वास चालतो तसा चालू द्यायचा, खोल घ्यायचा नाही. सोडलेला प्रत्येक श्वास मोजायचा, १ ते १०, पुन्हा १. मोजणी चुकली, १४ वर पोचलात किंवा मन उद्याच्या कामात गेलं, की पुन्हा १.

मन भरकटलं म्हणजे बैठक बिघडली, ही समजूत सगळ्यात जास्त लोकांना उठवते. भरकटलेलं लक्षात येणं आणि १ वर परतणं, व्यायाम तेवढाच आहे. तीन मिनिटांत वीस वेळा परतावं लागलं तर वीस वेळा व्यायाम झाला.

होणाऱ्या चुका : श्वास मुद्दाम लांबवला तर डोकं हलकं होतं. पाठ टेकवून बसलं तर पेंग येते. टायमरचा आवाज कर्कश असेल तर शेवटचं मिनिट त्याची वाट बघण्यात जातं. आवाज मऊ घंटीचा ठेवला. आणखी एक गोष्ट कागदावर ठळक लिहिली आहे : डोळे मिटून आत लक्ष दिल्यावर कोणाला घाबरल्यासारखं झालं किंवा जुन्या त्रासाच्या आठवणी उसळून आल्या, तर रेटायचं नाही. डोळे उघडायचे, लक्ष तळपायांवर किंवा बाहेरच्या आवाजांवर न्यायचं, आणि तरीही होत राहिलं तर ही सवय सोडून दुसरी घ्यायची व जाणकाराशी बोलायचं.

१९ जानेवारी, रविवार (दिवस १४)

तक्ता ३ : सोमवार ते शुक्रवार १० पैकी ८. शनिवार-रविवार ४ पैकी शून्य. सुट्टीच्या दिवशी लॅपटॉप उघडतच नाही, तर बंद कुठून होणार? २ तारखेची पहिली कसोटी आपणच लिहिली आणि आपणच विसरलो.

दोन वाटा होत्या. सातही दिवस घडणारा सांधा शोधणं, किंवा सवय पाच दिवसांची आहे असं उघड जाहीर करणं. दुसरी घेतली. शनिवार-रविवारचे चौकोन पेन्सिलने तिरपे रेघाटून टाकले, ते आता खाडे धरायचे नाहीत. संथ वाढ होईल याची कल्पना आहे, कारण आठवड्याला सातऐवजी पाचच वेळा जोडी जुळणार. पण दर सोमवारी दोन मोकळे चौकोन बघून खट्टू होण्यापेक्षा हे बरं.

२६ जानेवारी, रविवार (दिवस २१)

बेरीज : १२, ६, ९. ‘२१ दिवस झाले, आता सवय लागली ना?’ हा प्रश्न आलाच.

२१ चं मूळ एका अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण. पुढे सांगोवांगी ‘किमान’ गळलं, चेहराही गळला, उरला फक्त आकडा. तक्ता पुढे चालू.

३ फेब्रुवारी, सोमवार (दिवस २९)

तक्ता १ ने मागच्या मंगळवारपासून स्वतःहून ३ ची १५ मिनिटं केली. मंगळवार, बुधवार झालं, गुरुवारी ९ मिनिटांवर उठणं, शुक्रवारी खाडा, शनिवारी खाडा. उत्साहाच्या दिवशी ठरवलेलं माप कंटाळ्याच्या दिवसाला झेपत नाही. स्टॅनफर्डचे बी. जे. फॉग यांची मांडणी इथे उपयोगी पडते : वागणं घडायला इच्छा, सोपेपणा आणि इशारा तिन्ही एकाच क्षणी हवेत. इच्छा वरखाली होत राहणार, ती आपल्या हातात कमी. म्हणून सोपेपणा एवढा ठेवायचा की इच्छा तळाला असतानाही काम व्हावं.

वाढीचा नियम आज लिहिला. लागोपाठ दोन रविवार बेरीज वाढली असेल आणि त्या १४ दिवसांत २ पेक्षा जास्त खाडे नसतील, तरच पूर्ण माप वाढवायचं, तेही दीडपटीपर्यंतच. ३ ची साडेचार मिनिटं. तळमाप कधीच वाढवायचं नाही. ३ श्वास शेवटपर्यंत ३ श्वासच.

तक्ता १ परत ३ मिनिटांवर.

११ फेब्रुवारी, मंगळवार (दिवस ३७)

तक्ता ३ वर सलग चार खाडे, गेल्या गुरुवारपासून (शनिवार-रविवार सोडून). या प्रकल्पातली सगळ्यात महत्त्वाची दुरुस्ती इथेच आहे, म्हणून सविस्तर.

एका खाड्याने फारसं बिघडत नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात (९६ स्वयंसेवक, १२ आठवडे) एखादी संधी हुकल्याने सवय रुजण्याच्या वेगावर लक्षणीय परिणाम दिसला नाही. बिघडवतो तो खाड्याचा आपण लावलेला अर्थ. अ‍ॅलन मार्लट यांनी व्यसनमुक्तीच्या कामात हे नोंदवलं : एकदा पाय घसरला की माणूस ते ‘मी असाच आहे’ यावर ढकलतो, अपराधी वाटतं, आणि ‘आता मोडलंच आहे तर’ म्हणून पूर्ण सोडून देतो. पहिला खाडा घटना असते, तिसरा-चौथा बहुतेकदा त्या पहिल्याबद्दलची शिक्षा असते.

तक्ता ३ मध्ये नेमकं तेच. गुरुवारी पाऊस. शुक्रवारी ‘कालची भरपाई’ म्हणून २० मिनिटं ठरवली, ती जमेनात म्हणून काहीच नाही. सोमवारी देणं ३० मिनिटांवर गेलं. सवयीचं कर्ज झालं, आणि कर्जदार तोंड चुकवतो.

खाड्यानंतरची रीत, आजपासून तिन्ही तक्त्यांना लागू :

– भरपाई नाही. हुकलेला दिवस हुकला.
– दुसऱ्या दिवशी जाणूनबुजून फक्त तळमाप, अंगात जोर असला तरी. सांधा पुन्हा जुळणं एवढंच त्या दिवसाचं काम.
– कागदाच्या मागे एका ओळीत कारण. ‘आळस’ हे कारण लिहायचं नाही, त्यावरून दुरुस्ती कळत नाही.

कारणं तीनच खणांत बसतात, आणि प्रत्येकाची दुरुस्ती वेगळी.

‘लक्षातच आलं नाही’ : सांधा बिघडला आहे. त्याला धार नाही, तो त्या दिवशी घडलाच नाही किंवा मधे दुसरं काम घुसलं. जागा बदला, वस्तू वाटेत ठेवा, वाक्य पुन्हा लिहा. इथे इच्छाशक्तीवर भाषण देऊन काही होत नाही, माणसाची इच्छा होतीच.

‘लक्षात आलं, पण तेवढं जमणारं नव्हतं’ : माप बिघडलं आहे. कमी करा किंवा अडचणीसाठी दुसरं जर–तर जोडा. तक्ता ३ ला जोडलं : ‘पाऊस असेल तर जिन्यावरून दोनदा वर-खाली.’

‘लक्षात आलं, जमलंही असतं, पण करावंसं वाटलं नाही’ : हे एकदा-दोनदा झालं तर सोडून द्या. दोन आठवड्यांत चारदा झालं तर तक्त्याच्या माथ्यावरची संकल्पाची ओळ वाचा. ती दुसऱ्याच कुणाची असते बरेचदा : डॉक्टरांची, नवऱ्याची, बायकोची, कुठेतरी वाचलेली. ओळ बदलावी लागते किंवा सवयच सोडावी लागते. सोडणं हा इथे कायदेशीर पर्याय आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार (दिवस ४६)

तक्ता ३ रुळावर. परवा तळमाप, काल-आज पूर्ण.

कागदामागच्या ओळी वाचताना भाषा खटकली : ‘पुन्हा माती खाल्ली’, ‘माझ्याच्याने होणार नाही’. स्वतःला झोडपल्याने सुधारणा होते ही समजूत फार चिवट आहे. ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांच्या २०१२ च्या प्रयोगांत एका अवघड चाचणीत कमी गुण मिळाल्यावर ज्यांना स्वतःकडे समजुतीने बघायला सुचवलं गेलं, त्यांनी पुढच्या चाचणीसाठी जास्त वेळ अभ्यास केला. समजूत घेणं म्हणजे सूट देणं नव्हे, हे यातून दिसतं.

ओळीचा साचा ठरवला : काय घडलं + असं होऊ शकतं + पुढचा सांधा कधी. उदाहरण : ‘कामाची बैठक लांबली, झाकण रात्री ९ ला बंद झालं. अशा दिवशी कुणालाही थकवा येतो. उद्या झाकण बंद, बूट, दार.’ तिसरा भाग नसेल तर ती नुसती थोपटणी होते, आणि दुसरा नसेल तर हजेरी घेतल्यासारखी वाटते.

२ मार्च, रविवार (दिवस ५६)

तक्ता २ चे आठवड्यात चार खाडे. पंधरा दिवस व्यवस्थित असताना अचानक. शोधल्यावर कळलं : खोली आवरताना कुणीतरी चार्जर बटणाशेजारून काढून सोफ्यामागे लावला. वाकून, हात घालून लावावा लागतो. अंतर जेमतेम दीड मीटर. चार्जर परत जागेवर, वर चिठ्ठी : ‘हलवू नये’. घरातल्या सगळ्यांना कारण सांगितलं, ते ६ जानेवारीलाच सांगायला हवं होतं.

आणखी एक अडचण : फोन बाहेर आहे, पण दिवा बंद झाल्यावर दहा मिनिटं हात शिवशिवतो. त्यासाठी मार्लट यांच्याच परंपरेतली लाटेची रीत. तलफ आली की तिच्याशी भांडायचं नाही आणि उठायचंही नाही. ती शरीरात कुठे आहे ते बघायचं (हाताची बोटं, छाती, घसा), वाढते आहे की ओसरते आहे एवढंच मनात म्हणायचं. लाट चढते, शिखर येतं, उतरते. शिखराच्या क्षणी ‘ही वाढतच जाणार’ असं वाटतं, तो क्षण ओळखून ठेवला तर पुढच्या रात्री कमी फसायला होतं. तक्ता १ ला सकाळी जे करायला सांगितलं, तेच हे, फक्त अंधारात.

१२ मार्च, बुधवार (दिवस ६६)

लॅली यांच्या अभ्यासातला ६६ हा आकडा आता २१ ची जागा घेऊ पाहतो आहे, म्हणून त्याचाही हिशोब. तो मध्यक आहे, अर्ध्या लोकांना त्याहून कमी दिवस लागले, अर्ध्यांना जास्त. पल्ला १८ ते २५४ दिवसांचा. २५४ तर आपोआपपणा दिवसागणिक कसा वाढतो हे दाखवणारा वक्र पुढे वाढवून काढलेला, कारण अभ्यासच ८४ दिवसांचा होता. सगळ्यांच्या बाबतीत वक्र नीट बसलाही नाही. त्यातून घेण्यासारखं आहे ते वक्राचं रूप : आपोआपपणा आधी झपाट्याने चढतो, मग हळू, मग सपाट. सुरुवातीच्या आठवड्यांतल्या प्रत्येक गोलाची किंमत म्हणून जास्त.

रविवारची बेरीज : २०, १३, १५. तक्ता १ तीन आठवडे १९–२० वरच आहे. तो सपाटीला पोचला असावा. २८ होण्याची वाट बघू नये. बसून श्वास मोजण्यात थोडं भान लागणारच, ‘लक्षात येण्याआधीच सुरू’ हे त्याला कधी ७ मिळवून देणार नाही.

२१ मार्च, शुक्रवार (दिवस ७५)

तक्ता ३ च्या कामाची पाळी बदलली, आता काम घरी नाही, कार्यालयात. लॅपटॉपचं झाकण तिथे बंद होतं, बूट आधीच पायात. तीन दिवस चालणं झालं नाही, आणि विशेष म्हणजे आठवलंही नाही. सवय त्या टेबलाची, त्या खोलीची होती. वेंडी वुड, लिओना टॅम आणि मेलिसा विट यांनी २००५ मध्ये विद्यापीठ बदलणाऱ्या विद्यार्थ्यांच्या व्यायाम, वाचन अशा सवयी पाहिल्या : नव्या जागी परिस्थिती जुन्यासारखी राहिली तिथे सवयी टिकल्या, बदलली तिथे मोडल्या.

जुना सांधा ओढूनताणून वापरण्यात अर्थ नाही. पुन्हा तीन दिवसांचं निरीक्षण, कागदाची नवी ओळ. बहुधा ‘इमारतीचं फाटक ओलांडलं की उजवीकडे न वळता डावीकडे’ असं काहीतरी ठरेल, वाट दहा मिनिटांनी लांबते तेवढंच चालणं.

३० मार्च, रविवार (दिवस ८४)

शेवटची बेरीज : तक्ता १ – २१, तक्ता २ – १७, तक्ता ३ – ११ (नव्या सांध्यावर पाचच दिवस, म्हणून घसरण).

तक्ता १ चा कागद काढला. नोंद थांबल्यावर सवय टिकते का ते पाहायला २७ एप्रिलच्या रविवारी चार प्रश्न पुन्हा विचारायचे. बेरीज १७ च्या खाली आली तर कागद परत आरशाशेजारी.

तक्ता २ चा कागद आणखी चार आठवडे. ‘हलवू नये’ची चिठ्ठी कायमची.

तक्ता ३ नव्या कागदावर, पाच रकान्यांचा, दिवस १ सोमवार २४ मार्च धरून. मागच्या ११ आठवड्यांचे गोल त्यावर आणलेले नाहीत. पावसाचं जर–तर मात्र पुन्हा लिहावं लागेल, नव्या वाटेवर जिना नाही.